पाव्हण्यांचं पाणी

घागर भरायला आता दोनशे दहा वेळा दांडा मारावा लागत होता. माघात साठांत भरायची. प्रगती मोजायची. ठरवून मोजायची असं नव्हे, पण दांडा खाली गेला की आकडा आपोआप ओठावर यायचा.

"कितव्यावर आली गं?" विठाबाई आपल्या उंबऱ्यात बसून मिश्री लावत होती.

"एकशे दहा झाले मावशी. निम्मीच भरलीय अजून."

"हापशाला दमा लागलाय. तुझ्या पोरीचा डागदर ह्याला बी दाखीव एकदा."

रांगेतल्या बाया हसल्या. हसल्या तरी कुणी तिला हटकत नव्हतं. हापसा बौद्धवस्तीतला, कोळप्यांची वस्ती तिथनं अर्ध्या कोसावर, माळाच्या अंगाला. पण विठाबाईनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, कोळप्यांच्या सुनेला रोज एक घागर. पोरीपुरती. एकच. दुष्काळाचं दुसरं वर्ष, त्यात एक घागर म्हणजे काय ते प्रगतीला कळत होतं. म्हणून ती कधी तांब्याभर जास्तीचं मागत नव्हती.

चुंबळ ठेवून तिनं घागर डोक्यावर घेतली. वाट खाणीच्या कडेनं होती. दगड काढून काढून सोडून दिलेली जुनी खाण. दिवाळीनंतर तिच्यात दारूच्या कारखान्याच्या मळीचे टँकर रिकामे व्हायला लागले होते. वर काळी साय धरलेली, सडक्या गुळासारखा वास. पदर नाकाला लावायला हात मोकळा नसायचा. ती श्वास धरून चालायची आणि खाण सरली की सोडायची.

त्या खाणीच्या उतारालाच तात्याबांची विहीर. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या सासऱ्यानं पहार घेऊन स्वतः खांदलेली. तीस वर्षांत कधी आटली नव्हती. आताही आटली नव्हती, हेच तर दुखणं होतं. पाणी होतं, पण कोऱ्या चहाच्या रंगाचं. आधी मेंढ्यांनी गाभ टाकले. चाळिसातल्या अकरा मेंढ्यांनी. मग तीन वर्षांची अंकिता सकाळी उठली ती डोळे सुजवून. संध्याकाळपर्यंत पाय सुजले, बोट दाबलं की खड्डा पडायला लागला. यवतच्या डॉक्टरनं लघवी तपासली आणि चष्मा काढून ठेवला.

"मूत्रपिंडाला सूज आहे. त्या विहिरीचा थेंब हिच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. थेंब म्हणजे थेंब. परत सूज आली तर माझ्याकडं येऊ नका, थेट ससूनला न्या."

तेव्हापासून ती घागर अंकिताची. चुलीपासून लांब, उंच फळीवर, पांढऱ्या फडक्याखाली. बाकीचे तुरटी फिरवून, उकळून विहिरीचंच प्यायचे. "आमची हाडं दगडाची हायत," सासू म्हाळसा म्हणायची. नवरा हनुमंत रांजणगावला कंपनीत, आठवड्याच्या सुट्टीला यायचा. तिकडचं नळाचं पाणी पिऊन यायचा आणि इथं दोन दिवस पोट धरून बसायचा. म्हणायचा, "अर्ज-बिर्ज सोड. अर्जानं कुणाची हीर धुतली जाती व्हय?"

पण प्रगतीनं अर्ज सोडला नव्हता. यवतला एफ. वाय. पर्यंत शिकलेली होती. तिला वाटायचं, नीट लिहिलं तर नीट वाचलं जातं. मागणी साधी होती. वस्तीला टँकर सुरू करा. ग्रामपंचायतीनं सांगितलं, रजिस्टरला वस्तीची विहीर आहे, विहिरीला पाणी आहे, टँकर बसत नाही. पाणी वाईट आहे असा सरकारी माणसाचा अहवाल आला तर बसेल. तो अहवाल येईना म्हणून विठाबाईच्या मुलानं, धम्मदीपनं, दौंडला वकिलाच्या टाइपरायटरवर तिचा अर्ज टाइप करून दिला, आणि अंकिताला काखोटीला मारून ती खुटबाव स्टेशनावरनं शटलनं पुण्याला गेली, जिल्ह्याच्या लोकशाही दिनाला. टोकन मिळालं. चार तासांनी मोठ्या साहेबांसमोर उभं राहायला मिळालं. त्यांनी अर्ज खरंच वाचला. अंकिताच्या तोंडाकडं पाहिलं. शेजारच्याला म्हणाले, "पंधरा दिवसांत निकाली काढा. शिल्लक ठेवायचा नाही." ती येताना शटलमध्ये शेंगदाणे घेऊन आली होती. तिला वाटलं होतं, झालं.

चौदाव्या दिवशी दुपारी जीप आली.

"पाव्हणं आलं!" म्हाळसा ओरडली. वस्तीवर दुसरा शब्दच नव्हता. तलाठी येवो, मुलगी बघायला येवोत, दारात आलेला तो पाव्हणा. तात्याबांनी पटका गुंडाळला, बाजेवर नवी घोंगडी अंथरली. जीपमधून पंचायत समितीचे विस्तार अधिकारी उतरले, मागनं गावचा ग्रामसेवक जालिंदर. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे.

तात्याबा त्यांना विहिरीकडं घेऊन गेले. साहेब काठापासून सहा पावलं अलीकडंच थांबले. रुमाल डोक्यावर.

"बघा की सायेब, वाकून बघा. पोहरा सोडतो."

"राहू द्या बाबा, ऊन फार आहे. विहिरी सगळ्या वरून काळ्याच दिसतात."

"वास येतोय का न्हाई?"

"वास खाणीचा. तो विषय प्रदूषणवाल्यांचा. मी पाण्यापुरता."

प्रगतीनं एका बाटलीत विहिरीचं पाणी भरून, वर कागद चिकटवून तारीख टाकून दाराआड ठेवली होती. ती घ्यायला घरात आली आणि बघते तर म्हाळसानं फळीवरची घागर उतरवलेली. फडकं जमिनीवर पडलेलं.

"आत्या, ती अंकीची हाय!"

"मग सायबाला का त्ये घाण पाजू? तुझ्या म्हायेरी, राहू गावाला, पाजत असतील दारात आलेल्याला."

"ते तेच बघाय आल्यात ना."

"बघू दे की हिरीत. चहात कशाला?" म्हाळसानं पातेल्यात गोडं पाणी ओतलं, साखरेची दुहेरी मूठ टाकली. मग आवाज खाली आणला. "आन् ह्ये कुठनं आणलं ते बोलू नगंस. भाऊसाहेब पाटलाच्या घरचा हाय. कप तसाच ठिवून उठंल."

साहेब बाजेवर बसले. आधी दोन तांबे पाणी प्याले. घागर ओल्या फडक्यात असायची, पाणी गार होतं. त्यांनी मिशा पुसल्या.

"वा. छान आहे की पाणी. विहिरीचंच ना?"

दारात उभी राहून म्हाळसानं पदर सावरला. "आमचंच की सायेब. आमच्या मालकांनी हातानं खांदल्याली हीर हाय."

साहेबांनी जालिंदरकडं पाहिलं. जालिंदरनं कपात पाहिलं. कोळप्यांची सून रोज कुठल्या हापशावर जाते ते अख्ख्या गावाला माहीत होतं.

प्रगती बाटली घेऊन पुढं झाली. "साहेब, विहिरीचं पाणी हे आहे. चहाचं पाणी बाहेरचं होतं."

"काय बोलतीस?" म्हाळसा कडाडली. "पाव्हण्यांना कवा बाहेरचं पाणी दिलंय आपण? कुणाचं? सांग की, कुणाचं?"

सगळे प्रगतीकडं बघायला लागले. सासूचे डोळे तिच्या तोंडावर रोखलेले. जालिंदरच्या ओठाला चहा लागलेला. विठाबाईचं नाव तिच्या जिभेवर आलं, आणि तिथंच बसलं. चार माणसांत सासूला खोटं पाडायचं, ते पण त्या नावानं. तेवढ्यात साहेबांनी फाइल उघडली होती.

"बाई, बाटलीत कोण काय भरतं ते आम्हाला काय माहीत? जे प्यालो ते खरं." त्यांनी पंचनामा मांडीवरच लिहिला, भराभर वाचला. निम्मे शब्द गिळले. "सही करा बाबा."

"मी वाचू का आधी?" प्रगती म्हणाली.

"सही कर्त्या पुरुषाची लागते."

तात्याबांनी सुनेकडं पाहिलं, मग बायकोकडं. चाळीस वर्षं संसार केलेली बायको, आणि दारात पाव्हणे. त्यांनी दोन्ही हातांनी पेन धरून एकेक अक्षर ओढलं. शेवटचा काना द्यायला विसरले, तो साहेबांनी दाखवला.

जीप गेली. बशीत साहेबांचा अर्धा चहा राहिला होता. अंकिता मघापासून बाजेच्या पायाला धरून त्याच बशीकडं बघत होती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि एका दमात पिऊन टाकली. बशी चाटली.

"अजून च्या."

"पाव्हणं आल्यावर," म्हाळसा हसून म्हणाली. "पाव्हण्यांचा च्या गोड असतो, न्हाई गं?"

घागर रिकामी होती. प्रगती उन्हातच परत हापशावर गेली. एकच घागर असं ठरलेलं, म्हणून दांड्याला हात न लावता उभी राहिली. विठाबाईनं विचारल्यावर सांगितलं, पाव्हणे आले होते, साहेब.

"आमचं पाणी पाजलंस व्हय सायबाला?" विठाबाईचं तोंड फुललं. "लागलं का गोड?"

"लागलं, मावशी."

विठाबाईनं आपल्या माठातला तांब्या भरून दिला. "ह्यो घे. पोरीला पाज."

आठव्या दिवशी पाकीट आलं. त्यात लिहिलं होतं की प्रत्यक्ष पाहणी केली, अर्जदाराचे घरी सदर विहिरीचे पाणी व चहा घेतला असता रंग, वास व चव याबाबत दोष आढळून आला नाही, पाणी सदर विहिरीचेच असल्याचे घरातील ज्येष्ठ महिलेने समक्ष सांगितले, सबब टँकरची आवश्यकता नाही, तक्रार निकाली. खाली तात्याबांच्या सहीची नक्कल. काना नंतर घातलेला कळत होता.

प्रगती ते घेऊन दौंडला, पंचायत समितीत गेली. खिडकीमागचा कारकून कागद बघून खूश झाला.

"झालं की तुमचं काम. निकाली आहे."

"काम झालं नाही. अर्ज निकाली निघाला."

"तेच ते, ताई." त्यानं मागच्या फळ्याकडं अंगठा केला. आलेले अर्ज आणि निकाली निघालेले अर्ज, दोन्हीपुढं सारखाच आकडा होता. "दोन वर्षांत पहिल्यांदा असं झालंय. तुम्ही परत उघडायला लावताय."

ती खिडकीतून हलली नाही. मागची माणसं ओरडायला लागली. अंकिता कडेवर झोपली होती, तिच्या गालावर सळईचा वळ उठला. शेवटी कारकूनच कंटाळला. "पाणी बाहेरचं होतं ना? मग ज्याचं होतं त्याचा जबाब आणा. सही, अंगठा काहीतरी. मग फेरतपासणी लावतो."

विठाबाई शेणी थापत होती. प्रगतीनं पाकीट पुढं केलं. धम्मदीपनं ते उभ्यानंच वाचलं, आईला ऐकू जाईल असं. "ज्येष्ठ महिलेने समक्ष सांगितले" तिथं आल्यावर विठाबाईचा हात थांबला.

"परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"म्हंजी पाणी आमचं, आन् सांगितलं तुमचं." विठाबाईनं शेणाचा हात मांडीवर टेकवला. "तू हुतीस तिथं?"

"व्हते."

"बोललीस?"

प्रगतीनं अंकिताला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"पाणी पिताना तुमची घागर बाटली न्हाई. नाव घेताना जीभ बाटली व्हय गं? आन् मी येडी, गोड लागलं का म्हणून इचारतीया."

"मावशी, पोरीकडं बघा."

"पोरीकडं बघूनच देत हुते." तिनं हात धुतला नाही. धम्मदीपनं तिथंच लिहून दिलेल्या जबाबाच्या कागदावर शेणानंच अंगठा उठवला. "जा. आन् घागर आता आणू नगंस. म्या न्हाई म्हणत न्हाई. त्यो हापसाच न्हाई म्हणतोय. बघ जाऊन."

प्रगतीनं जाऊन दांडा मारला. तीनशे ऐंशीपर्यंत मोजलं. हाताचे फोड फुटले. तोटीतून हवा आली, थोडी गंजकी ओल आली, मग नुसता लोखंडाचा आवाज.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. सहा किलोमीटरवर, रस्त्याच्या हॉटेलाबाहेरच्या टाकीतून दोन बाटल्या पाणी. भांडी घासून दिली की मिळायच्या. दोन बाटल्या, आणि पोरीला वैशाखात सारखी तहान.

फेरतपासणीला नवा साहेब आला. पाणीपुरवठ्याचा. तरुण, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. हातात पुठ्ठ्याच्या खोक्यात लाखेनं बंद करायच्या दोन खऱ्या बाटल्या होत्या. प्रगतीनं त्या दोनदा मोजल्या. बरोबर जालिंदर होताच.

"आधी पाणी द्या जरा," साहेब बाजेवर टेकत म्हणाला.

घरात दोन बाटल्यांतली अर्धी बाटली शिल्लक होती. म्हाळसाचा हात तिच्याकडं गेला. प्रगतीनं तो मनगटात धरला.

"आत्या, आता न्हाई."

तिनं कपाटावरचा काचेचा पेला काढला. पाव्हण्यांचा पेला, बाकी कुणी त्यातून पीत नव्हतं. पुसला. विहिरीच्या कळशीतून काठोकाठ भरला आणि नेऊन साहेबासमोर ठेवला. उन्हाची तिरीप त्यातून घोंगडीवर पडली, तांबडीकाळी.

साहेबानं हात पुढं केला आणि थांबला. "हे काय?"

"विहिरीचं पाणी. हेच आहे घरात."

साहेब पेल्याकडं बघत होता. त्याचा एक हात खोक्याकडं वळला होता. प्रगतीनं तो बघितला. तेवढ्यात जालिंदर हसला.

"मागच्या सायबांना गार पाणी आन् वर चहा. तुम्हाला ह्ये. ह्यांच्या घरात दोन पाणी हायत सायेब. येक खुशीचं, येक रागाचं."

"म्हणजे चांगलं पाणी आहे तुमच्याकडं?"

"होतं. बौद्धवस्तीतल्या हापशाचं. तो आटला."

"मी येणार म्हणून आटला?"

"जबाब जोडलाय, साहेब. विठाबाईंचा."

साहेबानं फाइल चाळली. शेणाचा अंगठा बघून त्यानं कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला. "हा जबाब? आणि हा तुमच्या सासऱ्यांच्या सहीचा पंचनामा. खोटा कुठला?" तो पेल्यावर वाकला. "आणि हा रंग? चहापत्ती उकळून घातलीय का काय?"

"विहिरीवर चला. तुमच्या हातानं पोहरा सोडा, तुमच्या हातानं बाटली भरा."

"विहिरीची पाहणी झालेली आहे. माझ्याकडं ऑर्डर घरातल्या पाण्याच्या फेरतपासणीची आहे." तो उठला. आता त्याचा आवाज चढला होता. तहान, ऊन आणि अपमान सगळं त्यात होतं. "असं कालवलेलं पाणी मी लॅबला पाठवलं तर माझी नोकरी जाईल. माणूस दारात पाणी मागतो आणि तुम्ही त्याला हे देता. लिहितो मी. अर्जदार सहकार्य करीत नाहीत."

"सायेब, पोर न्हानी हाय," तात्याबा हात जोडून आडवे आले. "दोष माझा. सही माझी हाय. म्या खोटी केली."

"तेही लिहू का? सरकारी कागदावर खोटी सही?"

तात्याबांचे हात जोडलेलेच राहिले.

खोकं जीपमध्ये गेलं. बाटल्या एकमेकींवर वाजल्या. प्रगती जीपमागं धावली. चप्पल निघाली, ती तशीच धावली, वळणावरच्या बाभळीपर्यंत. तिथं धूळ तेवढी होती. घशात खाणीचा वास होता. मागनं म्हाळसाचा आवाज येत होता, "दारात तोंड काळं केलंस आमचं! पाव्हणा तहानेला उठून गेला, तहानेला!"

चप्पल हातात घेऊन ती परत आली. तात्याबा अंगणात उकिडवे बसले होते, म्हाळसा गोठ्याकडं तोंड करून रडत होती. कुणाचं घरात लक्ष नव्हतं.

बाजेवर, नव्या घोंगडीच्या मधोमध अंकिता बसली होती. पायांची सूज अजून पुरती उतरली नव्हती, पाय गुबगुबीत दिसत होते. पाव्हण्यांचा पेला तिनं दोन्ही हातांनी धरला होता. तळाला बोटभर उरलं होतं. ओठाच्या वर तांबडीकाळी मिशी आली होती.

तिनं आईकडं पाहिलं, नाक मुरडलं, आणि पेला पुढं केला.

"आई, ह्या च्यात साखर न्हाई घातली."